व्याह्यांचं शीट जिथं संपतं

आमच्या व्याह्यांइतका वाटांचा माहीतगार माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि दूध आणायला गेल्यावर त्यांच्याइतक्या वेळा वाट चुकणाराही सापडणार नाही. उस्मानपुऱ्यात ते तीस वर्षं राहतात. डेअरी घरापासून दीडशे पावलांवर. तरी महिन्यातून एकदा ते पिशवी घेऊन भलतीकडंच निघतात आणि ओळखीचा कुणीतरी त्यांना स्कूटरवर मागं बसवून घरी आणून सोडतो. यात आपली चूक आहे असं त्यांना अजिबात वाटत नाही. चूक उस्मानपुऱ्याची आहे. कारण त्यांच्याजवळचा जो नकाशा आहे, निजामाच्या वेळचा, एक इंच म्हणजे एक मैल असा, त्यात त्या जागी मोकळं रान आहे आणि रानातून एक ओढा गेला आहे. ओढ्याच्या कडेनं सरळ चालणाऱ्या माणसाला मधे इमारती आडव्या आल्या, तर त्याला व्याह्यांनी काय करायचं?

व्याही म्हणजे माझ्या शोभाचे सासरे. ते एका कचेरीत ट्रेसर होते. जुन्या नकाशावर पातळ कागद अंथरायचा आणि खालची रेघ वरच्या कागदावर उतरवायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. "रेघ खाली असतेच. आपण फक्त तिच्यावरून जायचं, आपलं डोकं चालवायचं नाही," असं ते अजून सांगतात. मीही सरकारी नोकरच. बांधकाम खात्यात रोलर चालवायचो. रेघेवरून मीही गेलो, पण दहा टन वजन घेऊन. माझं शिक्षण चौथी, त्यामुळं डोकं चालवायचा प्रश्न मलाही कधी आला नाही. रिटायर होताना व्याह्यांना शाल आणि नारळ मिळाला. त्याच दिवशी कचेरीच्या मागं जुन्या कागदांचा ढीग जाळायला काढला होता. त्यातली नऊ शीटं त्यांनी साहेबांकडं मागितली. नकाशाला ते नकाशा म्हणत नाहीत, शीट म्हणतात. साहेब म्हणाले, जळायचंच आहे, घेऊन जा. व्याह्यांनी नारळ तिथंच शिपायाला दिला, शाल शीटांना गुंडाळली आणि रिक्षा करून घरी आले. तेव्हापासून ती शाल विहीणबाईंच्या अंगाला एकदाही लागलेली नाही.

शीटं बैठकीतल्या दिवाणावर गादीखाली असतात. त्यामुळं त्या दिवाणावर कुणी नीट बसत नाही. पाहुणा आला की व्याही म्हणतात, "बसा, बसा," आणि तो बसायला लागला की म्हणतात, "सावकाश." मी पहिल्यांदा बसलो तेव्हा इतका सावकाश बसलो, की विहीणबाईंना वाटलं मला मूळव्याध आहे, आणि त्यांनी मला ताक आणून दिलं. कागदाला मागून कापड चिकटवलेलं असल्यामुळं शीटं अजून टिकली आहेत. कसर लागू नये म्हणून त्यांत कडुलिंबाचा पाला आणि लवंगा असतात. दर दिवाळीला शीटांवर धोतर टाकून कोमट इस्त्री फिरते. घरातले बाकीचे कपडे दिवाळीतही विनाइस्त्रीचे. शीट उघडायचं म्हणजे एक सोहळा असतो. पंखा बंद. चहा स्वयंपाकघरात. सगळ्यांनी हात साबणानं धुवायचे आणि व्याह्यांना दाखवायचे. माझ्या नखांतलं डिझेल नोकरी सुटून बारा वर्षं झाली तरी गेलेलं नाही. ते बघून त्यांनी मला तीनदा परत मोरीवर पाठवलं होतं. विहीणबाई म्हणाल्या, "आमचा हा जन्मला तेव्हा न्हाणीघरातसुद्धा एवढे हात कुणी धुतले नव्हते."

हात मनासारखे झाले की व्याही शीटाची तळाची पट्टी तेवढी उलगडतात. तिथं बारीक इंग्रजी अक्षरात, ज्यांनी डोंगर चढून ही मोजणी केली त्यांची नावं आहेत. ती नावं ते एकेक करून मोठ्यानं वाचतात. दोन गोरे साहेब, एक खानसाहेब, एक कुणी राव. भटजींनी संकल्पात पितरांची नावं घ्यावीत तशी घेतात, आणि शेवटचं नाव झालं की क्षणभर थांबून म्हणतात, "ठीक आहे, उघडू आता." नावं वाचल्याशिवाय शीट उघडलेलं मी बघितलं नाही. एकदा मला घाई होती म्हणून मी म्हणालो, "व्याही, ही मेलेली माणसं आहेत, ती कुठं ऐकतायत?" ते म्हणाले, "ऐकायला नाही वाचत. कुणाच्या शब्दावर आपण विश्वास ठेवतोय, ते माहीत असावं."

मुलीचा बाप असल्यामुळं मला यावर काही बोलता आलं नाही. एरवी मी तोंडाचा फाटका माणूस आहे. मुकादमाला, इंजिनियरला, एकदा तर खुद्द आमदाराला मी तोंडावर बोललेलो आहे. पण व्याह्यांपुढं मान खाली. आमच्याकडं तशी रीत आहे. लेकीच्या दारी बापानं वरचेवर जाऊ नये, गेला तर फार बसू नये, बसला तर बोलू नये. मी ती रीत पाळली. त्यामुळं व्याह्यांना कित्येक वर्षं वाटत होतं की मी फार मवाळ आहे. शोभाच्या आईला हे ऐकून इतकं हसू आलं होतं, की तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

सोयरीक जमली तीही शीटामुळंच. मी चिकलठाण्याला राहतो. मुलगी बघायला ही मंडळी सकाळी दहाला येणार होती. व्याही जीपमध्ये पुढं बसले आणि मांडीवर शीट घेऊन ड्रायव्हरला सांगत राहिले. त्यांच्या शीटात चिकलठाणा म्हणजे पाचपन्नास घरं, एक विहीर आणि उत्तरेकडून येणारी एक गाडीवाट. ती गाडीवाट आता विमानतळाच्या भिंतीला जाऊन भिडते. तिथल्या बंदूकवाल्या शिपायाला व्याह्यांनी शांतपणे सांगितलं, की ही वाट विमानाच्या आधीची आहे, तेव्हा आम्हाला जाऊ द्यावं. शिपाई म्हणाला, "चचा, आगे विमान खडे हैं. बैलगाडी में आए क्या?" मंडळी साडेबाराला पोचली. तोवर आमच्याकडं पोहे दोनदा गरम करून झाले होते आणि तिसऱ्या वेळेला त्यांचा रंग बदलला होता. सगळे घामाघूम, नवरामुलगा तर रडकुंडीला आलेला. व्याही मात्र आल्या आल्या शोभाच्या आईला म्हणाले, "तुमचं माहेर कुठलं?"

ती म्हणाली, "जांभूळखोरं. कन्नडकडं, डोंगरात."

व्याह्यांच्या चेहऱ्यावर दिवा लागला. "सातमाळ्याच्या पोटात? ओढ्याच्या डाव्या अंगाला गाव, विहीर गावापेक्षा एक रेघ खाली, आणि पिंपळाखाली देऊळ?"

"व्हय!" ती पदर सावरून पुढं आली. "तुमी कवा आलता?"

"मी कधीच नाही आलो," व्याही म्हणाले.

शोभा चहा घेऊन बाहेर यायच्या आत लग्न ठरलं होतं.

हे खरंच होतं. ज्या डोंगरखोऱ्याचं शीट त्यांना जिवापाड प्रिय, तिथं ते एकदाही गेले नव्हते. घाटातल्या बसमध्ये त्यांना उलटी होते. बाकीच्या आठ शीटांवर माळरान आहे. या एकावर तपकिरी रेघांची अशी दाटी आहे की कुणी शाईत अंगठा बुडवून कागदभर उठवावा. प्रत्येक रेघ म्हणजे तेवढ्याच उंचीची जागा, हे त्यांनी मला पन्नासदा समजावलं आहे. मला ते रोलर चढवताना फार आधी कळलेलं होतं. पण व्याह्यांना त्या खोऱ्यातला एकेक ओढा तोंडपाठ. कन्नडकडचा भाजीवाला भेटला तरी त्याला विचारणार, "तुमच्या गावाच्या वर ती एकटी टेकडी आहे ना, दोन हजार सातशे फुटांची?" भाजीवाला म्हणणार, "काका, मेथी देऊ का?" लोक सोयरिकीला सल्ला विचारायला त्यांच्याकडं येऊ लागले, ते या नादामुळंच. व्याही आधी गाव शोधणार, मग विहीर, आणि मग सांगणार, "विहीर तीन रेघा खाली आहे. पोरीला रोज हंडा घेऊन तीन रेघा चढावं लागेल. नका देऊ." पोरीचा बाप म्हणायचा की आता नळ आलेत. व्याही म्हणायचे, "नळ शीटात नाही." दोन लग्नं त्यांनी अशी मोडली. त्यातली एक मुलगी पुढं दुबईला गेली. तिथली विहीर किती रेघा खाली आहे हे सांगता येत नाही, म्हणून व्याह्यांना तिची अजून काळजी वाटते.

शोभाच्या लग्नाला बारा वर्षं झाल्यावर एकदा ते आमच्याकडं जेवायला आले तेव्हा शोभाच्या आईनं भाताची मूद वाढली. व्याह्यांनी तिच्याभोवती बोटानं खालपासून वरपर्यंत गोल रेघा ओढल्या, माथ्यावर वरण सोडलं आणि ते कुठल्या बाजूनं उतरतं ते मान वाकडी करून बघत बसले. वरण पूर्वेला गेलं. "बरोबर," ते म्हणाले, "सातमाळ्याचं पाणी या अंगाला असंच उतरतं." आमची मंडळी तोंडाला पदर न लावता हसली. परक्या पुरुषासमोर ती तशी हसलेली मी तेवढ्या एकदाच पाहिली. आणि त्या हसण्याच्या भरात तिनं तिची ती गोष्ट काढली.

ती गोष्ट मी आमच्या लग्नापासून ऐकत होतो. ती दहा-बारा वर्षांची असताना, म्हणे, जांभूळखोऱ्याहून डोंगरातल्या खिंडीतून पलीकडं खानदेशात उतरायची. पलीकडं बोरदरी, तिच्या मामाचं गाव. सकाळी गुरं सुटायच्या आत निघायचं, मामीच्या हातची भाकरी खायची, आणि ओटीत सिताफळं घेऊन दिवे लागायच्या आत परत. "आन एक बी सिताफळ दबलेलं नसायचं," हे शेवटी ठरलेलं. मी दरवेळी हसायचो. मला तो मुलूख माहीत होता. जांभूळखोऱ्यापर्यंतचा रस्ता मी स्वतः दाबला आहे. चार महिने माझा रोलर गावात उभा होता. रोलर पळून जात नाही, तसा त्याचा ड्रायव्हरही जाणार नाही, असा विचार करून सासऱ्यांनी मला मुलगी दिली. गावापुढं डोंगर भिंतीसारखा उभा आहे, सलग कडा. शेळी चढायची नाही. गाडीनं बोरदरीला जायचं तर घाट उतरून मोठा वळसा पडतो. तेव्हा मी काय म्हणायचो, की पोरवयात तू स्वप्न बघितलंस आणि मामीनं आणलेली सिताफळं खाल्लीस. चारचौघांत म्हणायचो. लोक हसायचे. बायको खोटं बोलते असं मला म्हणायचं नव्हतं. मला वाटायचं, थट्टा आहे.

त्या दिवशी व्याही हसले नाहीत. हातातला घास ताटात ठेवून तिला म्हणाले, "विहीणबाई, शीट बघून सांगतो." मी मधेच बोललो. म्हणालो, "काय बघता व्याही, तिथं कडा आहे. मी स्वतः तिथं उभा होतो." व्याह्यांनी घास परत उचलला. ती उठून ताक आणायला आत गेली.

त्यानंतर तिनं ती गोष्ट काढली नाही. आठ वर्षं. ती काढत नाही, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

शोभाची आई गेली त्याला आता दीड वर्ष होतं आहे. ताप आला, चार दिवस राहिला, आणि पाचव्या दिवशी दोघंही गेले, ताप आणि ती. लोक भेटायला येत होते. कुणी म्हणालं, सोनं झालं. कुणी म्हणालं, सवाष्ण गेली, भाग्याची होती. मी म्हणालो, भाग्य असतं तर मेली कशाला असती? मग लोकांनी बोलणं बंद केलं. व्याही आले ते भिंतीला टेकून दोन तास बसले. निघताना दारात थांबून चपला घालता घालता म्हणाले, "तुमचं हे घर समुद्रापासून एकोणीसशे फूट उंचीवर आहे. थोडं कमीच." एवढं बोलून गेले. त्या दिवसांत मला जे जे सांगितलं गेलं, त्यात तेवढंच एक खरं होतं, आणि मी रात्रभर त्याला धरून पडलो.

वर्षश्राद्ध झालं. कार्तिकात एक दिवस मी बाजारातून सिताफळं आणली. पिशवीत आणली, घरापर्यंत येईतो चारातली तीन दबली. ती फरशीवर ठेवून मी बघत बसलो. मग उठलो, रिक्षा केली आणि तडक उस्मानपुऱ्याला गेलो. लेकीच्या दारी, न सांगता, भर दुपारी. शोभानं दार उघडलं आणि घाबरली. "बाबा, काय झालं?" मी म्हणालो, "काय नाय. व्याह्यांना म्हणावं, डोंगराचं शीट काढा."

व्याही वामकुक्षी सोडून उठले. फक्त म्हणाले, "हात धुवा." मी धुतले. नखं दाखवली. पंखा बंद झाला. तळाची नावं वाचून झाली, साहेब, खानसाहेब, राव. शीट उघडलं. व्याह्यांच्या खिशात आगकाडीला गुंडाळलेला एक पांढरा दोरा असतो, दर इंचावर गाठ मारलेला. वाट कितीही वाकडी असली तरी त्या दोऱ्यानं ते मोजतात. त्यांनी दोऱ्याचं टोक जांभूळखोऱ्यावर ठेवलं. न शोधता ठेवलं. गावातून तांबड्या ठिपक्यांची एक बारीक ओळ निघाली होती. ठिपके म्हणजे पायवाट. ती ओढ्याच्या कडेनं वर गेली, तपकिरी रेघांच्या दाटीत शिरली, इकडं वळली, तिकडं वळली, आणि दोऱ्याच्या अडीच गाठी, म्हणजे अडीच मैल, झाल्या तेव्हा शीटाच्या चौकटीला टेकली. पुढं कोरी पट्टी.

मी म्हणालो, "पुढं?"

"पुढं शीट नाही. त्याच्या शेजारचं शीट माझ्याकडं नाही. त्या दिवशी ढिगात होतं, पण त्याला आधीच आग लागली होती."

"म्हणजे वाट नाय?"

"शीट नाही असं म्हणालो. वाट नाही असं म्हणालो नाही."

न शोधता त्यांनी दोऱ्याचं टोक ठेवलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. मी विचारलं, "व्याही, हे तुम्ही आधी कधी बघितलंत?"

"त्याच दिवशी. तुमच्याकडून जेवून आल्यावर."

"नऊ वर्षं झाली त्याला!"

"हो. पण खिंडीपर्यंतच दिसत होती. अर्धी माहिती द्यायची नाही, असा आमच्या कामाचा नियम आहे. पूर्ण झाली की विहीणबाईंना सांगणार होतो."

मुलीच्या बापाची रीत मी एकवीस वर्षं पाळली होती. ती त्या क्षणी सुटली. मी म्हणालो, "व्याही, तुम्ही गाढव आहात."

आत शोभाच्या हातून वाटी पडली. ती फरशीवर गरगरत राहिली. मग स्वयंपाकघरातून विहीणबाईंचा आवाज आला, "मी मेली तीस वर्षं हेच सांगत होते. आता बाहेरचा माणूस म्हणाला तर पटेल."

व्याह्यांना राग आला नाही. दोरा आगकाडीला गुंडाळत म्हणाले, "असेन. पण तुम्ही तिथं स्वतः उभे होता म्हणालात. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसापुढं शीटानं बोलू नये." दोरा खिशात ठेवला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "उभे होता ना?"

मला घाम आला. पंखा बंद होता म्हणून नव्हे. मी उभा नव्हतो. माझा रोलर गावाच्या वेशीवर थांबला, तिथंच मी थांबलो. चार महिने मी तिथून कड्याकडं बघत बिड्या ओढल्या. पुढं रस्ता मंजूर नव्हता, म्हणून पुढं काही नाही असं मी धरून चाललो, आणि अडतीस वर्षं एका बाईला तिच्या तोंडावर सांगत राहिलो.

"नव्हतो," मी म्हणालो.

व्याह्यांनी शीटाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "जावं लागेल."

आत परत काहीतरी पडलं. या वेळी ते विहीणबाईंच्या हातून.

तर ज्यांना दूध आणता येत नाही असे ते, आणि गुडघे गेलेला मी, असे आम्ही निघालो. सरळ रस्त्यानं कन्नडला दोन तास लागतात. पण तो शीटावर कच्चा दाखवलाय म्हणून व्याह्यांनी मला देवगाव रंगारीवरून जाणाऱ्या बसनं नेलं. त्याला चार तास लागले. शीट त्यांनी पाण्याच्या पाइपात घालून दोन्हीकडून बुचं लावली होती. लिंबू हुंगून झालं, आलेपाक खाऊन झाला, तरी व्हायचं ते झालं. पिशवी तोंडाला लावताना त्यांनी पाइप दुसऱ्या हातानं डोक्याच्या वर धरला होता. कंडक्टर मला म्हणाला, "बंदूक आहे का बाबा?" मी म्हणालो, "नाय, डोंगर आहे."

जांभूळखोऱ्यात आता आमचं कुणी नाही. माझा रस्ता मात्र आहे. चार ठिकाणी उखडलाय, पण पाया हललेला नाही. वेशीवर उतरून व्याह्यांनी मान वर केली आणि ते तसेच उभे राहिले. त्या डोंगराची उंची त्यांना फुटात पाठ आहे. झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. ते म्हणाले, "एवढा उंच असेल असं वाटलं नव्हतं." मीही मान वर केली होती. वेशीवरून कडा तसाच दिसत होता, सलग, माझ्या बाजूनं साक्ष देत.

ओढ्याच्या कडेनं पायवाट निघाली. व्याही दर वळणाला थांबायचे, पाइप न उघडता डोळे मिटायचे आणि सांगायचे, "आता उजवीकडं." उजवीकडं असायचीच. उस्मानपुऱ्यात चुकणारा माणूस तिथं एकदाही चुकला नाही. तासाभरानं माझे गुडघे बोलले. त्यानंतर थोड्या वेळानं त्यांची छाती बोलली. एका सागाखाली आम्ही बसलो. अर्धासुद्धा चढ झाला नव्हता. पण त्या जागेवरून बघितलं, तर कडा एक नव्हता. दोन होते. एक पुढं, एक मागं, दोन पत्ते एकावर एक अर्धवट सरकवून ठेवावेत तसे. वेशीवरून ते एकच दिसतात. मधे माणूस आरामात जाईल एवढी फट होती आणि फटीतून उजेड येत होता.

त्या उजेडातून एक बाई आली. पस्तिशीची असेल. डोक्यावर गाठोडं, चपला हातात. आम्हाला बघून थबकली.

"कोन गावचं पाव्हणं? वाट चुकला का?"

मी म्हणालो, "व्हय, बाई. लई जुनी चूक आहे. तू कुठून आलीस?"

"म्हायेराहून. बोरदरी."

"किती वेळ लागला?"

"गुरं सुटायच्या आदी निगाले." तिनं सूर्याकडं बघितलं. "आता काय, रमतगमत आले. पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाई."

व्याही उठून उभे राहिले, साहेबासमोर राहावं तसे. "बाई, ही वाट कायमची आहे का? बाराही महिने?"

"आवो, वाट हाये. ती कुटं जाती?" ती हसली. मग मला म्हणाली, "तुमी कुनाकडचे?"

मी सासऱ्यांचं घर सांगितलं, पिंपळापासलं. तिनं पटकन पदर डोक्यावर घेतला. "म्हंजी गावचे जावई की! आन असं झाडाखाली बसलाव?" गाठोडं उतरवून तिनं त्यातून दोन सिताफळं काढून आमच्या हातात दिली आणि उतरून गेली. तिचे पाय आवाज करत नव्हते.

सिताफळ मी उलटसुलट करून बघितलं. कुठं दबलेलं नव्हतं.

आम्ही तिथंच बसून खाल्ली. व्याही प्रत्येक बी हातात काढून मोजत होते. मी थुंकत होतो. माझं निम्मं खाली सांडलं, कारण मधेच डोळे भरून मला दिसेना. त्यांनी त्यांचं अर्धं माझ्या हातात ठेवलं आणि पाठ करून डोंगराकडं तोंड करून बसले. व्याह्यांना माणसं सांभाळता येत नाहीत असं विहीणबाई म्हणतात. मी त्यांना सांगणार आहे, तेवढं खरं नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांचा निरोप आला म्हणून मी गेलो. हात धुतले, शीट उघडलं. आणि व्याह्यांनी खिशातून पेन्सिल काढली. शीटाजवळ पेन्सिल आणली म्हणून त्यांनी एकदा माझ्या जावयाशी, म्हणजे पोटच्या पोराशी, आठवडाभर अबोला धरला होता. विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चौकटीपाशी जिथं ठिपके संपतात, तिथून पुढं कोऱ्या पट्टीवर त्यांनी एकेक ठिपका काढायला सुरुवात केली. बोटभर लांब. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं, बोरदरी. "शाई नको," ते म्हणाले, "शाई सरकारनं लावायची." मग शीट फिरवून तळाची नावांची पट्टी समोर घेतली.

"नवीन वाट दाखवली की माहिती कुणाची ते लिहावं लागतं. आपलं लिहिता येणार नाही, आपण अर्ध्यात बसलो. आणि ती बाई, तिचं नाव विचारायचं राहिलं. चालून गेलेल्या माणसाचं लागेल." पेन्सिल धरून ते थांबले. "विहीणबाईंचं नाव काय हो?"

एकवीस वर्षांची सोयरीक, आणि त्यांना नाव माहीत नव्हतं. विहीणबाई, यातच ते भागलं होतं. माझंही शोभाची आई यात भागलं होतं. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल. मी म्हणालो, "कौसाबाई."

"पूर्ण."

पूर्ण सांगितलं. माहेरचं लावू का सासरचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माहेरचं लावा, वाट तिकडची आहे.

आता दर गुरुवारी मी उस्मानपुऱ्याला जातो. लेकीच्या दारी बापानं वरचेवर जाऊ नये, हे मला माहीत आहे. शोभाही काही म्हणत नाही, चहा आत ठेवते. मी हात धुतो, नखं दाखवतो. व्याही तळाची पट्टी उलगडतात आणि वाचायला लागतात. साहेब, दुसरे साहेब, खानसाहेब, राव, आणि शेवटी ती. माझ्या घरात ते नाव घेणारं कुणी नाही. मी कधी घेतलं नाही, आणि आता घेतलं तर ओ द्यायला कोण आहे? इथं आठवड्यातून एकदा ते मोठ्यानं घेतलं जातं, साहेबांच्या ओळीत.

मग व्याही क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "ठीक आहे, उघडू आता."

मी म्हणतो, "थांबा जरा."

आणि ते थांबतात.